एक जूनची एकेचाळीस मुले

गेल्या वर्षी शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल नसेल, तोच आम्हां चौघांना कचेरीतून बोलावणे आले. नववीतल्या मुलांना कचेरीत बोलावतात ते बहुधा फीची पावती किंवा पालकांची सही यांसाठी. म्हणून आम्ही थोडे भीतभीतच गेलो. टेबलावर कापडी पुठ्ठ्याची तीन जाड रजिस्टरे होती. हेडक्लार्क म्हणाले, “जानेवारीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. १९४८ ते १९६० या सालांतील प्रवेशाच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या आहेत. या कागदाला आता बोट लावले तरी तो तुटतो. तुम्हांला स्प्रेडशीट येते ना?” आम्ही एका सुरात “येते” म्हणालो.

ते अर्धसत्य होते. आम्हां प्रत्येकाला येत होते. आम्हां चौघांना मिळून येत नव्हते.

याचे कारण असे की आम्ही चौघे चार यंत्रांवर शिकलो होतो. शहापूरच्या आमच्या मैत्रिणीने जे काही केले ते शाळेच्या संगणक-खोलीत, म्हणजे लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये. टिळकवाडीच्या मित्राकडे वडिलांच्या कामाचा विंडोजचा लॅपटॉप आणि त्यात एक्सेल. अनगोळच्या मित्राची आत्या छपाईची चित्रे करून देते. तिच्याकडे मॅक आहे आणि त्यावर तो सुट्टीत बसलेला. वडगावच्या मैत्रिणीच्या घरी माग आहेत. मागांचा हिशेब ती आईच्या फोनवर गूगल शीट्समध्ये ठेवते आणि कधी शेजारच्यांच्या संगणकावर तोच तक्ता ब्राउझरमध्ये उघडते. तक्ता म्हटला की चौघांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र: आडव्या ओळी, उभे रकाने आणि मध्ये घरे. पण कळफलकावर बोटे ठेवली की चौघे चार गावचे.

प्रारंभीचे दिवस गमतीत गेले. टिळकवाडीकराला घरात लिहिलेला मजकूर दुरुस्त करण्यासाठी एफ-२ ही कळ दाबण्याची सवय. अनगोळकराने आत्याचा मॅक एका रविवारी शाळेत आणला, तेव्हा त्याने त्यावरही एफ-२ दाबली. घर उघडले नाही, पडदा मात्र उजळला. पुन्हा दाबली, आणखी उजळला. त्या यंत्रावर तीच कळ प्रकाश वाढवण्याचीही आहे आणि तिला जुन्या कामावर लावायचे तर सोबत एफएन कळ धरावी लागते. मग त्याने रकान्याच्या तळाशी जाण्यासाठी कंट्रोल धरून खालचा बाण दाबला, उजवीकडच्या टोकाला जाण्यासाठी उजवा बाण. उजव्या बाणासरशी सबंध पडदाच डावीकडे सरकून दुसरा रिकामा पडदा आला. तो घाबरून उभाच राहिला. त्याला वाटले, रजिस्टरच पुसले! मॅकवर हे काम कमांड कळेचे. कंट्रोल आणि बाण यांची जोडी तेथे यंत्राने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवली आहे.

वडगावकर मैत्रिणीची तऱ्हा निराळी. तिचा तक्ता ब्राउझरमध्ये राहत असल्यामुळे घर एकाचे आणि अंगण दुसऱ्याचे. एक्सेलमध्ये आणि कॅल्कमध्ये कंट्रोल व पेज-डाउन दाबले की पुढचे पान येते. ब्राउझरमध्ये ते दाबले तर तक्ता राहतो बाजूला आणि शेजारी उघडलेले भलतेच काही पुढे येते. तेथे आल्ट आणि खालचा बाण वापरावा लागतो. आता हेच आल्ट आणि खालचा बाण एक्सेलमध्ये दाबा: गाळणीची यादी उघडते! फोनवर तर कळाच नाहीत. सर्व काम बोट टेकवून, दाबून धरून आणि ओढून. म्हणून वडगावकरणीला शॉर्टकट कमी येत; पण प्रत्येक घराकडे पाहिल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही ही सवय आमच्यात तिला एकटीलाच होती. त्या सवयीचे मोल आम्हांला पुढे कळले.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक पेच असतो आणि तो इंग्रजी शाळेतल्या मुलांना ठाऊकच नसावा. नावे मराठीत, सूत्रे इंग्रजीत. म्हणून भाषा सारखी पालटावी लागते. लॅपटॉपवर आणि शाळेच्या यंत्रावर खिडकीच्या चिन्हाची कळ व स्पेस दाबले की भाषा पालटते. मॅकवर हे काम कंट्रोल आणि स्पेस यांचे. परंतु एक्सेलमध्ये सबंध रकाना निवडण्यासाठीही नेमके कंट्रोल आणि स्पेसच! अनगोळकर रकाना निवडायला जाई आणि त्याच्या नकळत भाषा बदलून बसे. मग बेरजेचे सूत्र लिहायला घेतले की पडद्यावर आधी एक बिनअक्षराचा ऋकार, मग एक पोरकी मात्रा, मग ह, मग स उमटे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकार बसलेला आहे आणि इंग्रजी एस, यू, एम यांच्या जागी मात्रा, ह आणि स. आम्ही कित्येक दिवस या अक्षरांचा उच्चार करण्याचा प्रयत्न करीत होतो. शेवटी आमच्यात ‘बेरीज कर’ याऐवजी ‘हस’ असाच शब्द रूढ झाला.

असे का असावे, सगळ्यांनी मिळून एकच कळ का ठरवली नाही, हा प्रश्न आम्ही संगणकाच्या सरांना विचारला. सर म्हणाले, “ही घरे एकाच गवंड्याने बांधलेली नाहीत.” १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा कार्यक्रम अॅपल-२ या यंत्रावर आला; घरोघरच्या संगणकावरील स्प्रेडशीटचा तो मूळपुरुष. १९८३ साली आयबीएमच्या यंत्रासाठी लोटस १-२-३ आला. त्यात तिरपी रेघ दाबली की आज्ञांची यादी उघडे आणि मग एकेका अक्षराने पुढे जायचे. एक्सेल आले ते १९८५ साली, आणि आज ज्याला सगळे विंडोजचे समजतात ते एक्सेल पहिल्याने आले मॅकवर. विंडोजवर १९८७ साली. हे ऐकून टिळकवाडीकराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जो नवा येई त्याला जुन्याचे गिऱ्हाईक ओढायचे असे, म्हणून तो जुन्या कळा ठेवी. आणि स्वतःचे काही दाखवायचे असे, म्हणून नव्या घाली. विंडोजच्या एक्सेलमध्ये आजही रिकाम्या घरावर तिरपी रेघ दाबून पाहा: वरच्या पट्टीवर अक्षरे उमटतात. लोटसच्या लोकांसाठी ठेवलेले ते दार अजून कोणी बुजवलेले नाही.

झेड, एक्स, सी आणि व्ही या चार कळा तेवढ्या सगळीकडे सारख्या. केलेले मागे घ्या, कापा, उतरवा, चिकटवा. अॅपलच्या १९८३ सालच्या लिसा या संगणकावर त्या अशा ओळीने बसल्या. कापणे आणि चिकटवणे ही कल्पना रूढ करण्यात लॅरी टेसलर यांचा मोठा हात. ते २०२० साली वारले. विंडोजवर आधी याच कामाला इन्सर्ट आणि डिलीट या कळा होत्या, पुढे तेथेही ही चौकडी आली. मॅकवर त्यांच्या सोबतीला कंट्रोलऐवजी कमांड एवढाच फरक. त्या कमांड कळेवर चार कोपऱ्यांना फासे असलेले चौकोनी चिन्ह असते. ते सुझन केअर यांनी १९८४ सालच्या मॅकिंटॉशसाठी निवडले आणि ते स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर असते. आमच्या शहापूरकरणीला ते पाहताच दारातल्या रांगोळीची आठवण झाली. तिचे म्हणणे आम्हांला स्वीडनपेक्षा अधिक पटले.

असो. हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते तोवर आम्ही हसलो.

जुलैत पाऊस लागला. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको. संगणक-खोलीतली वीज दिवसातून चारदा जाई. म्हणून ऑगस्टपासून हे काम टिळकवाडीच्या लॅपटॉपवर न्यायचे ठरले. तोपर्यंत दोन महिने शाळेच्या यंत्रावर बसून आमच्या चौघांच्याही बोटांना कॅल्कचे वळण लागले होते. त्यातले एक वळण असे. सरांची सूचना होती की रजिस्टरातील जन्मतारखेत खाडाखोड दिसली तर त्याच घरात तारखेच्या खाली तसे लिहावे. एका घरात दुसरी ओळ हवी असेल तर कॅल्कमध्ये कंट्रोल आणि एंटर दाबतात. एक्सेलमध्ये त्यासाठी आल्ट आणि एंटर आहे. मॅकच्या एक्सेलमध्ये कंट्रोल, ऑप्शन आणि रिटर्न अशा तीन कळा. फरक एवढाच असता तर बिघडले नसते. परंतु एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एंटर यांना दुसरेच काम दिलेले आहे: जेवढी घरे निवडलेली असतील तेवढ्या सर्व घरांत लिहिलेला मजकूर एकदम भरणे. आणि कॅल्कमध्ये हे काम कोणाकडे? आल्ट आणि एंटरकडे! दोन शेजाऱ्यांनी आपापल्या दारावर एकमेकांच्या नावाची पाटी लावावी तसा हा प्रकार आहे.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी १९५० सालच्या जूनमध्ये आठवीत आलेल्या एका तुकडीची एकेचाळीस नावे भरून झाली होती. तारखा सारख्या दिसाव्यात म्हणून आमच्यापैकी एकाने किंवा एकीने जन्मतारखांची ती एकेचाळीस घरे निवडली आणि कंट्रोल व १ दाबून त्यांना तारखेचा साचा दिला. (कोणी, हे आम्ही सांगणार नाही, चौघांनी तसे ठरवले आहे. त्या दिवशी लॅपटॉपपुढे कोणीही असते तरी हेच झाले असते.) तेवढ्यात लक्षात आले की पहिल्या मुलाच्या तारखेत खाडाखोड आहे. घरे निवडलेलीच होती. पहिल्या घरात तारीख पुन्हा लिहिली, १-६-१९३८. आणि दुसऱ्या ओळीसाठी, डोळे रजिस्टरावर ठेवून, शाळेच्या सवयीने कंट्रोल आणि एंटर दाबले. मान वर केली तर दुसरी ओळ आलेली नव्हती. ‘येथे ओळ येत नाही वाटते’ असे म्हणून खाडाखोडीची नोंद शेऱ्याच्या रकान्यात केली. मग कंट्रोल आणि एस. जतन करण्याची ही कळ एक्सेलमध्ये चालते, कॅल्कमध्ये चालते. तिने त्या दिवशीही आपले काम चोख केले.

एकेचाळीस मुले एकाच दिवशी जन्मली आणि आमच्या लक्षात आले नाही, हे वाचून कोणालाही नवल वाटेल. आम्हांलाही वाटते. परंतु जुन्या शाळांच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की त्या काळी एक जून ही तारीख फार मोठ्या गोतावळ्याची होती. घरच्यांना मुलाची तिथी आठवे, साल आठवत नसे. शाळा जूनमध्ये भरे. मग गुरुजी वयाचा हिशेब जुळवून एक जून टाकून देत. आमच्या तक्त्यात पानोपानी एक जून होती. एवढ्या एक जूनांत आणखी काही मिसळल्या आणि गर्दीत मुकाट्याने उभ्या राहिल्या. खोटी तारीख वेगळी दिसली असती तर पकडली गेली असती. ही खऱ्यासारखीच होती.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही यादी छापून घरोघर दाखवू लागलो. अनगोळच्या मित्राचे आजोबा आमच्याच शाळेचे विद्यार्थी. चष्मा सरसावून त्यांनी आपली तुकडी काढली, एकेक नाव बोटाने वाचले, आणि म्हणाले, “नावे बरोबर आहेत. पण माझी एक जून नव्हे हो. मी दिवाळीतला.”

नातू म्हणाला, “आजोबा, तेव्हा सगळ्यांचीच एक जून लावत. घरी दिवाळी असेल, शाळेत एक जून.”

आजोबा रागावले नाहीत. पण त्यांनी यादी मिटून परत दिली. “माझे वडील स्वतः मास्तर होते. ते मला घेऊन आले आणि तारीख त्यांनी उभे राहून लिहवून घेतली. मी टेबलापाशी होतो,” एवढेच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही रजिस्टर उघडले. जन्मतारखेच्या रकान्यात अंकी व अक्षरी, निळ्या-काळ्या शाईत, स्वच्छ लिहिलेले: ४ नोव्हेंबर १९३७. त्यांच्या वरच्या मुलाची तारीख निराळी. खालच्याची निराळी. आम्ही बोटाने खाली खाली जात होतो आणि कोणीच काही बोलत नव्हते. त्या एकेचाळिसांत खऱ्या एक जूनवाल्यांची संख्या नऊ भरली.

मागे घेण्याची कळ आठवली. पण ती तक्ता उघडा असेपर्यंतची मिंधी. तक्ता एकदा बंद केला की एक्सेल मागचे विसरते. आमची आधीची प्रत होती ती जुलैची. तीत ही तुकडीच नव्हती. आणि खरी भीती वेगळीच होती. हे एकदा झाले असेल कशावरून? एकूण नोंदी होत्या १३१२. यांपैकी कोठे कोठे कोणत्या बोटाने काय केले असेल, हे आमच्यापैकी कोणालाच छातीठोक सांगता येईना. मेळाव्यानंतर जन्मतारखेचे दाखले या तक्त्यावरूनच काढण्याचे कचेरीच्या मनात होते. कोणा म्हाताऱ्या माणसाच्या हातात आमच्या बोटांनी बनवलेला वाढदिवस पडला असता.

हेडक्लार्कांना सांगायला आम्ही चौघे मिळून गेलो. त्यांनी ऐकून घेतले. ओरडले असते तर सोपे गेले असते. त्यांनी किल्ली पुढे ठेवली आणि म्हणाले, “दसऱ्याच्या सुट्टीत शाळा उघडी राहील. पहिल्या नोंदीपासून ताडून पाहा.”

सुट्टीत आम्ही तसेच केले. आधी भांडण झाले ते कळांवरून. टिळकवाडीकराचे म्हणणे, शाळेच्या कॅल्कमधील कळा एक्सेलसारख्या बदलून घ्याव्या. कॅल्कमध्ये कोणत्या कळेने काय करावे हे खरोखरच पालटता येते. वडगावकरणीने सांगितले की गूगल शीट्समध्येही २०१८ पासून इतर स्प्रेडशीटचे शॉर्टकट चालू करण्याची सोय आहे. सरांनी मोडता घातला. ते म्हणाले, “तुम्ही पुढच्या वर्षी दहावीत जाल. मागून येणारी मुले या यंत्रावर बसतील, पुस्तकात एक पाहतील आणि हाताखाली दुसरेच घडेल. त्यांच्यासाठी पाचवे गाव कशाला वसवता?” तेव्हा ते राहिले. त्याऐवजी शहापूरकरणीने कार्डबोर्डवर एक तक्ता लिहिला: डावीकडे काम, पुढे चार यंत्रांच्या चार कळा. कंट्रोल-एंटर आणि आल्ट-एंटर यांची ओळ तिने तांबड्या शाईत काढली आहे. संगणक-खोलीत दाराच्या उजव्या हाताला तो अजून टांगलेला आहे.

आणि असे ठरले की एकाने रजिस्टर मोठ्याने वाचायचे, एकाने पडद्याकडे पाहायचे, एकाने प्रत्येक बरोबर नोंदीपुढे पेन्सिलीने खूण करायची, आणि कळफलकावर बसलेल्याने सांगितल्याशिवाय बोट हलवायचे नाही. पडद्याकडे पाहायला वडगावकर. तिने पहिल्या दोन दिवसांत आणखी तीन चुका काढल्या. सुदैवाने त्या साध्या हाताच्या चुका होत्या, ‘७’ च्या जागी ‘९’ यासारख्या.

तिसऱ्या दिवशी आजोबा स्वतःच आले. नातवाने घरी सारे सांगितले होते. बसल्या बसल्या ते म्हणाले की मॅट्रिक झाल्यावर आपण मराठी टंकलेखन शिकलो आणि येथल्या एका वकिलांच्या कचेरीत लागलो. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मराठी कागद कमी होत गेले, इंग्रजी वाढले. टेबल तेच राहिले, यंत्र बदलले. “इंग्रजी कळा मला पाठ होत्या, तुमच्यासारख्या. पण घाई झाली की बोटे आपली मराठी यंत्रावरच्या जागी जायची. एकदा तर अर्जात पक्षकाराचे नाव असे काही उमटले की वकीलसाहेबांनी तो कागद कितीतरी दिवस जपून ठेवला होता.” मग थोडे थांबून म्हणाले, “तेव्हा कार्बन लावलेला असे. चूक झाली तर चार प्रतींवर होई. आम्हीही एकदम भरायचो बरे.”

आम्हांला त्या दिवसांत प्रथमच मोकळे हसू आले.

त्यांची तुकडी आली तेव्हा वाचायला रजिस्टर त्यांनी मागून घेतले. आवाज कापरा होता, पण उच्चार कचेरीतल्यासारखे नेमके. नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थान, तारीख अंकी, तारीख अक्षरी. वाचता वाचता ते मध्येच एखादा शब्द जोडत. तो तक्त्यात लिहायचा नाही हे आम्हांला सांगावे लागले नाही. “हा खानापूरहून रोज आगगाडीने यायचा.” “हा सैन्यात गेला.” “हा दोन वर्षांपूर्वी वारला. याची एक जूनच खरी, याच्या आईला तारीख ठाऊक नव्हती.” कळफलकावर शहापूरकर बसली होती. प्रत्येक तारखेनंतर ती थांबे, वडगावकर पडद्याकडे पाहून “बरोबर” म्हणे आणि मगच पेन्सिलीची खूण होई.

एकोणिसाव्या नोंदीवर आजोबांनी आपले नाव तसेच, इतरांच्या नावासारखे, पूर्ण वाचले. जन्मतारीख चार नोव्हेंबर एकोणीसशे सदतीस. शहापूरकरणीने तारीख लिहिली आणि बोट उचलून धरले. वडगावकर जरा अधिकच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

“बरोबर,” ती म्हणाली.

आजोबांनी मान हलवली, पान बोटाने सपाट केले आणि पुढच्या मुलाचे नाव घेतले.